सोसायटीत कॅरोलची संध्याकाळ कशी भरवावी

नोव्हेंबर संपत आला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. कधी नागपूरच्या मनीषनगरातून, कधी बेसा रोडवरच्या एखाद्या नव्या सोसायटीतून. विचारणं एकच असतं. "काकाजी, यंदा आमच्याकडे नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम करावा म्हणतो. पोरांना खूप हौस आहे. पण ख्रिस्ती घर आमच्यात एकच आहे. चालेल ना? अन् करायचं कसं?"

चालेल. मी मेकोसाबागेत वाढलो, दहाव्या वर्षापासून कॅरोल पार्टीसोबत, म्हणजे नाताळची गाणी म्हणणाऱ्या गटासोबत, डिसेंबरच्या रात्री दारोदार हिंडलो, आणि गेली बरीच वर्षं आमच्या पार्टीची गाणी मीच बसवतो. फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगतो, ते इथे सलग लिहितो आहे. लागणारं सामान बहुतेक घरातच सापडतं: एक पेटी किंवा गिटार, एक ढोलक, वीस-पंचवीस माणसं. कष्ट लागतात ते गाणी निवडायला आणि ती सगळ्यांच्या गळ्यात बसतील अशी ठेवायला, म्हणून त्यावर मी जास्त बोलणार आहे.

तारीख धरताना

२४ डिसेंबरची रात्र धरू नका. त्या रात्री देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भक्ती असते, आणि तुम्हाला ज्यांची मदत लागेल ते गाणारे-वाजवणारे सगळे तिथे असतात. १५ ते २२ डिसेंबरमधला शनिवार किंवा रविवार बरा. तो हुकला तर २६ ते ३१मधला कुठलाही दिवस घ्या. बाजारात नाताळ २५ला संपतो, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या रीतीप्रमाणे तो २५ डिसेंबरला सुरू होऊन बारा दिवस चालतो, ५ जानेवारीपर्यंत. त्यामुळे २८ तारखेला कॅरोल म्हटलं तर उशीर झाला असं अजिबात नाही. उलट बऱ्याच शाळांना सुट्ट्या असतात आणि पोरं मोकळी असतात.

वेळ साडेसहाची. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे साडेसहाला दिवे आणि नाताळचा कागदी तारा छान दिसतात. साडेआठनंतर पारा झपाट्याने उतरतो आणि म्हातारी माणसं एकेक करून उठायला लागतात. माइक लावणार असाल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहेच. पण पन्नास माणसांच्या अंगणात माइक लागतच नाही, आणि माइक नसला की ऐकायला आलेले लोकही गायला लागतात.

गाण्यांचे आधी तीन ढीग करा

मोबाइलवर 'ख्रिसमस साँग्ज' शोधलं की शेकडो गाणी समोर येतात आणि सगळी एकाच घरातली वाटतात. तशी ती नाहीत. पहिला ढीग जन्माच्या गाण्यांचा: गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत, बेथलेहेम. दुसरा हिवाळ्याचा: बर्फ, घसरगाडी, शेकोटी. त्यात येशूचं नावही नसतं. तिसरा प्रेमाचा आणि विरहाचा, ज्यात नाताळ फक्त तारीख म्हणून येतो. कार्यक्रमाला कुठलं गाणं घ्यायचं हे ठरवण्याआधी प्रत्येक गाण्याचे शब्द एकदा वाचा आणि ते कुठल्या ढिगातलं आहे ते पाहा. हे न केल्यामुळे मी एका कार्यक्रमात चिमुकल्या मुलींना 'लास्ट ख्रिसमस' म्हणताना ऐकलं आहे. चाल गोड आहे, पण गाणं आहे गेल्या नाताळात कुणीतरी मन मोडल्याचं. १९८४मध्ये व्हॅम या जोडीने ते काढलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचायला त्याला २०२१चा जानेवारी उजाडावा लागला. मोठ्यांनी एकट्याने ऐकायचं गाणं आहे ते, बालवाडीच्या पोरांचं नव्हे.

दुसऱ्या ढिगातलं 'जिंगल बेल्स' तर सगळ्यांना पाठ. ते अमेरिकेतल्या जेम्स पियरपाँटने १८५७ साली छापलं तेव्हा त्याचं नाव वेगळंच होतं, एका घोड्याच्या उघड्या घसरगाडीवरून घेतलेलं. पूर्ण गाणं वाचून पाहा, नाताळ हा शब्द एकदाही सापडणार नाही. बर्फावरून गाडी पळवणाऱ्या तरुण पोरापोरींची मजा आहे ती. तरीही नाताळचं गाणं म्हणून ते इतकं रुजलं की १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ यानातल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी लपवून नेलेला छोटा माउथ ऑर्गन आणि घंट्या काढून अवकाशात तेच वाजवलं. अवकाशात वाजलेली ती पहिली वाद्यं. पोरांना ही गोष्ट गाण्याआधी सांगा, मग बघा कसं गातात.

आता बर्फाच्या गाण्यांबद्दल. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग आपण कशाला गायचं?" हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. त्याला उत्तर असं की ही गाणी लिहिणाऱ्यांच्या पुढ्यातही बर्फ नव्हता. 'लेट इट स्नो' हे गाणं सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी १९४५च्या जुलैत हॉलिवूडमध्ये लिहिलं, उन्हाळ्याची लाट आलेली असताना. शेकोटीवर भाजलेल्या चेस्टनटचं जे संथ गाणं नॅट किंग कोलने अजरामर केलं, तेही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी लिहिलं. अंगाची काहिली होत होती म्हणून थंडीच्या गोष्टी आठवत बसले होते. मे महिन्यात कूलरसमोर बसून पावसाळ्याची स्वप्नं पाहणाऱ्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. 'व्हाइट ख्रिसमस'चं सुरुवातीचं कडवं, जे फार कुणी म्हणत नाही, ते कॅलिफोर्नियातल्या उन्हात आणि ताडाच्या झाडांत घडतं. म्हणून तर पुढे पांढऱ्या नाताळाची ओढ येते. ते लिहिणारा अर्विंग बर्लिन रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेला ज्यू. बिंग क्रॉस्बीने गायलेली त्याची तबकडी जगात सगळ्यात जास्त खपलेली मानली जाते, पाच कोटींच्या वर.

पहिल्या ढिगातही अशीच ये-जा आहे. 'हार्क द हेरल्ड'चे शब्द चार्ल्स वेस्लीचे, १७३९चे. पण आज ज्या चालीवर आपण ते म्हणतो ती मेंडेल्सनने १८४०मध्ये गटेनबर्गच्या छपाईच्या चारशेव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी केली होती, देवळासाठी नव्हे. 'कॅरल ऑफ द बेल्स' हे मुळात युक्रेनमधलं नववर्षाचं गाणं. मिकोला लिओंतोविच यांनी ते १९१६मध्ये बसवलं आणि त्यात घंटा नाहीतच, घरात येऊन वर्ष भरभराटीचं जाईल असं सांगणारी एक पाकोळी आहे. सदर भागातल्या दुकानांतून डिसेंबरभर ऐकू येणारं बोनी एमचं 'मेरीज बॉय चाइल्ड' १९७८चं, पण मूळ गाणं जेस्टर हेअरस्टन या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकाराचं. १९५६मध्ये हॅरी बेलाफाँटेने ते गायलं, कॅरिबियन बेटांच्या लयीत. पुढे ते जर्मनीत जमलेल्या बोनी एम या गटाने डिस्कोत नेलं, आणि आपल्याकडे ते ढोलकवर इतकं सहज बसतं की ते मुद्दाम ढोलकसाठी केलं असावं असं वाटतं.

ही यादी लांबवली याचं कारण आहे. फोन करणाऱ्यांच्या मनात संकोच असतो, की ही गाणी दुसऱ्यांची, आपण ती म्हटली तर उसनी वाटतील. पण ती पहिल्यापासून उसनीच आहेत. एकाचे शब्द, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा देश. ज्याच्या तोंडी बसली त्याची झाली. तुम्ही मनापासून म्हणा.

एकूण बारा गाणी धरा. मधल्या दोन-दोन वाक्यांच्या माहितीसह पाऊण तासाहून थोडं जास्त होतं. माझं माप असं: जन्माची पाच, हिवाळ्याची तीन, मराठी चार. तिसरा ढीग चहाच्या वेळी स्पीकरवर लावायला ठेवा. मराया केरीचं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू'ही तिथेच. १९९४मध्ये निघालेलं ते गाणं अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं थेट २०१९मध्ये, आणि त्याच्या उंच ताना घ्यायला तिचाच गळा हवा.

पट्टी: इथेच सगळे कार्यक्रम फसतात

इंटरनेटवरून ट्रॅक उतरवून त्यावर गाऊ नका. तो ट्रॅक कुण्या एका गायकाच्या गळ्याच्या पट्टीत असतो. तुमच्या सोसायटीत आठ वर्षांची मुलगी आहे आणि सत्तर वर्षांचे निवृत्त बँक मॅनेजरही आहेत. त्या दोघांना पेलेल असा सा, म्हणजेच गाण्याची पट्टी, तुम्हालाच शोधावा लागतो.

प्रत्येक गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधून लिहून ठेवा. 'जिंगल बेल्स'चं धृपद सा ते प एवढ्या पाच सुरांतच फिरतं, म्हणून ते कुणालाही, कुठल्याही पट्टीत येतं. 'जॉय टू द वर्ल्ड' सा ते तार सा, बरोबर एक सप्तक. आणि त्याची पहिली ओळ म्हणजे बिलावलचा सरळ अवरोह: सां नि ध प म ग रे सा. आठ शब्दावयव, आठ सूर. पेटी शिकणाऱ्या कुठल्याही पोराला दोन मिनिटांत वाजवता येतं, फक्त लांबी सारखी नाही. पहिला सूर लांब, दुसरा जरा कमी, तिसरा अगदी तुटक, चौथा पुन्हा लांब. हे गाणं पांढरी दोनमध्ये घ्या, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा धरून. आयझॅक वॉट्सने ते १७१९मध्ये ९८व्या स्तोत्रावरून लिहिलं. त्यात गव्हाणी नाही, प्रभू राज्य करायला येतो याचा आनंद आहे. सुरुवातीला हेच ठेवा. वरच्या सा वरून धडाक्यात उतरणारी ओळ अंगण जागं करते.

'सायलेंट नाइट' सगळ्यांना सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ते मध्य सा पासून तार म पर्यंत जातं, म्हणजे दीड सप्तकाच्या जवळपास. सुरुवात होते प-ध-प-ग अशी, आरामात, म्हणून माणूस हौसेने पट्टी चढवून धरतो आणि शेवटून दुसऱ्या ओळीत गळा ताणला जातो. आमच्या पार्टीत एका वर्षी पहिल्याच घरी असं झालं. मी पांढरी चारमध्ये सुरू केलं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मोठी माणसं गप्प झाली, फक्त लहान मुलींचे आवाज उरले. घरातले आजोबा म्हणायला आले होते, तेही थांबले. तेव्हापासून मी ते खालच्या सप्तकातल्या काळी पाच किंवा पांढरी सहामध्येच घेतो, आणि खालचा सा पुरुषांना जड गेला तरी चालेल, वरचा म कुणाचा सुटता कामा नये, असं धरून चालतो.

गिटार आणि पेटी दोन्ही असतील तर पेटीला प्रमाण मानून गिटार लावा, कारण पेटीचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत. आणि गिटार घरातल्या उबेत लावून बाहेर आणू नका. थंडीत तारांचा सूर बदलतो. बाहेर पंधरा मिनिटं राहू द्या, मग लावा.

ठेका आणि घुंगरं

'सायलेंट नाइट' दादऱ्यात बसतं, सहा मात्रा. मात्र त्यावर ढोलक वाजवू नका, गिटारच्या तारा एकेक करून छेडल्या की पुरे. ते गिटारवरच जन्मलं. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ला योझेफ मोर या तरुण पाद्र्याने आणि फ्रान्झ झावर ग्रुबर या शाळामास्तराने ते पहिल्यांदा म्हटलं. शब्द मोरने दोन वर्षांपूर्वीच लिहिले होते. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी गोष्ट तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. तिला पुरावा नाही, सांगू नका. १९१४च्या नाताळात पहिल्या महायुद्धाच्या खंदकांमधून जर्मन सैनिक हे गाणं म्हणत होते आणि पलीकडून इंग्रज सैनिक साथ देत होते, ही गोष्ट मात्र खरी आहे, ती सांगा.

बाकीच्या बहुतेक गाण्यांना केरव्याचा ठेका चालतो. ढोलकवाल्याला एकच सूचना: भजनात चढवतो तशी लय चढवायची नाही.

'जिंगल बेल्स'साठी लागणाऱ्या घंट्या विकत आणू नका. बर्फावर घसरगाडी आवाज न करता जाते, समोरच्याला कळावं म्हणून घोड्याच्या सामानाला घुंगरं बांधत. आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असतात त्याच जातीची ही वस्तू. नागपूरच्या घराघरांत तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आहेत, त्यांच्या गळ्यातली घुंगरं पोरांना सोडून घेऊ द्या आणि मनगटाला बांधू द्या. दर ठोक्याला हलवायची, मध्येच नाही. दहा पोरांच्या हातात घुंगरं दिली की त्यांना उभं राहायला कारण मिळतं, आणि ज्यांना गायची लाज वाटते तीही सामील होतात.

मराठी गाणी मधोमध ठेवा

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. बरेच लोक कार्यक्रम इंग्रजी गाण्यांनी भरतात आणि मराठी एखादं शेवटी जोडतात. तसं करू नका. चौथं ते सातवं गाणं मराठी ठेवा, लोक पूर्ण जमलेले असतात आणि गळे तापलेले असतात तेव्हा.

मराठीत ख्रिस्तजन्माचं गाणं काल-परवाचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने गोव्यात बसून ओवीत लिहिलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६मध्ये छापलं गेलं, त्यात येशूचा जन्म आहे. म्हणजे आपण वर नावं घेतलेल्या प्रत्येक इंग्रजी गाण्याच्या आधी मराठीत हा जन्म ओवीत आला होता. आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा धागा तर नागपुराशीच जुळलेला आहे. १८९३च्या सुमारास टिळक नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांनी, १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग मराठी मंडळीला अभंग, भजन, कीर्तन मिळालं. त्याआधी मराठी ख्रिस्ती माणूस बहुतांशी विलायती चालींवर भाषांतरित शब्द म्हणत होता.

तो फरक आजही ऐकू येतो, आणि गाणं निवडताना तोच तपासा. इंग्रजी चालीत जोर कुठल्या अवयवावर पडणार हे ठरलेलं असतं. तिथे मराठी शब्द बसवला की कधी ऱ्हस्व अक्षर ओढलं जातं, कधी दीर्घ चिरडलं जातं, आणि म्हणणाऱ्याला शब्द कळेनासा होतो. भाषांतरित कॅरोल एकच घ्या, तेही सगळ्यांना इंग्रजी चाल पाठ असेल तर. बाकी तीन मुळात मराठीत रचलेली घ्या, अभंगाच्या किंवा भजनाच्या चालीची. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मराठी मंडळींच्या घरी असतं, त्यात नाताळाची गीतं आहेत. पण पुस्तकात चाल छापलेली नसते. म्हणून तुमच्या त्या एका ख्रिस्ती घरातल्या आजींकडे जा, पुस्तक पुढे ठेवा आणि त्यांच्याकडून चाल ऐका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्या.

आजींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी विशीत असताना आमची पार्टी मोहननगरात एका म्हाताऱ्या बाईंकडे गेली. एकट्या राहत. आम्ही तीन इंग्रजी गाणी झोकात म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाल्या, "बाळांनो, एक मराठी म्हणा की. माझे वडील म्हणायचे ते." त्यांनी पहिली ओळ सांगितली. आम्हाला पहिलं कडवं येत होतं, पुढचं एकालाही नाही. कागद नव्हता. त्या स्वतः पुढे म्हणायला लागल्या, दुसऱ्या कडव्यात त्यांनाही शब्द आठवेना आणि त्या थांबल्या. आम्ही सतरा जण तिथे उभे, आणि कुणाला एक ओळ देता आली नाही. पुढच्या डिसेंबरात आम्ही पाचही कडवी पाठ करून गेलो तर दाराला कुलूप होतं. त्या वर्षापासून मी पिशवीत मराठी गाण्यांचे कागद आधी भरतो, इंग्रजीचे नंतर.

कागद आणि तालीम

सगळे शब्द मोठ्या अक्षरात छापा, इंग्रजी गाणीसुद्धा देवनागरीत. शाळकरी पोरांना इंग्रजी वाचता येतं, पण आजोबांना चष्म्यासकट अंधारात येत नाही. कडव्यांना आकडे घाला. धृपद दर वेळी पूर्ण छापा, 'धृ.' लिहून सोडू नका, कारण गाता गाता पान वर-खाली करताना माणूस हरवतो.

तालमी तीन पुरतात. पहिलीत फक्त चाली, 'ला-ला' करून, आणि पट्टी पक्की करणं. दुसरीत शब्द. तिसरी प्रत्यक्ष अंगणात, उभं राहून, स्वेटर-मफलर घालून, कारण थंडीत श्वास लवकर संपतो आणि लांब ओळी मध्येच तुटतात, हे खोलीत कळत नाही. गाण्याआधी थंड पाणी आणि कार्यक्रमाच्या दिवशी बोरं बंद.

पोरांना एक खेळ द्या. 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' या जुन्या इंग्रजी गाण्यात प्रियकर बारा दिवस भेटी पाठवतो आणि रोज आधीच्या दिवसांच्या भेटीही पुन्हा पाठवतो. एकूण भेटी किती, हे पोरांना काढायला सांगा. उत्तर ३६४, वर्षाच्या दिवसांपेक्षा एक कमी. सगळ्यात जास्त भेटी सहाव्या आणि सातव्या दिवसाच्या, प्रत्येकी ४२, म्हणजे हंस आणि बदकंच बदकं. बारा कुटुंबांना बारा भेटी वाटून द्या, ज्याची ओळ येईल त्या घराने उठून म्हणायची. पहिल्या दिवशी नासपतीच्या झाडावरचा तितर येतो, तिथे आमची पोरं संत्र्याच्या झाडावरचा पोपट म्हणतात आणि दर वेळी मोठ्याने म्हणतात. हे गाणं लांब आहे, दहा मिनिटं जातात, म्हणून ते बारा गाण्यांत धरू नका, चहाआधी स्वतंत्र ठेवा.

त्या संध्याकाळी

खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, मंच करू नका. मध्ये एक तारा टांगा, कागदी, आत दिवा. गव्हाणी मांडायची असेल तर ते काम त्या ख्रिस्ती घराच्या हाती सोपवा, त्यांना आनंद होईल आणि चुका होणार नाहीत. कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्यापैकी कुणीतरी लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या जन्मकथेच्या ओळी वाचून केली तर गाण्यांना अर्थ येतो. पाच मिनिटं लागतात.

मग क्रम असा: 'जॉय टू द वर्ल्ड', दोन जन्माची गाणी, चार मराठी, मग घुंगरांसह हिवाळ्याची तीन, मग मेंढपाळ-देवदूतांचं एखादं, मग बारा दिवसांचा खेळ. फराळात केक असतोच, पण मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्याही होतात, तेव्हा शेजारच्या वहिनींना काय करू असं विचारावंच लागत नाही. संत्री मात्र ठेवा, हंगाम असतो आणि लहान मुलांच्या हाताला तेवढंच पुरतं.

दारोदार जायचं असेल तर कार्यक्रमानंतर जा, दहा-बारा जणांनी, आणि आदल्या दिवशी विचारून. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे टाळायचं नाही, पण ढोलक फाटकाबाहेर ठेवायचं आणि एकच संथ गाणं म्हणायचं. घरात आजारी माणूस असेल तर खिडकीबाहेरून. यजमान पुढे आला नाही तरी गाणं पूर्ण करून, शुभेच्छा देऊन निघायचं, दार वाजवायचं नाही.

शेवटचं गाणं 'सायलेंट नाइट'. तेव्हा अंगणातले दिवे घालवा, फक्त तारा राहू द्या. पहिलं कडवं एकट्या गिटारवर, सगळ्यांनी. दुसरं मराठीत, ते भाषांतर सापडलं तर. शेवटी शब्द सोडून नुसतं गुणगुणायचं आणि गिटारही मध्येच थांबवायची. टाळ्या वाजवू नका असं आधीच सांगून ठेवा. थोडा वेळ तसेच बसा, मग कुणीतरी उठून दिवा लावेल आणि चहा येईल. निघताना इंग्रजी गाण्यांचे कागद गोळा करून घ्या, पुढच्या वर्षी कामाला येतात. मराठी गाण्यांचे कागद परत मागू नका, ते लोकांच्या घरी राहू द्या.